आत्याने जर्सी विकायला काढली

लीव्ह आत्याने तिची सायकल शर्यतीतल्या विश्वविजेतेपदाची जर्सी लिलावाला काढल्याची बातमी छापून आली, आणि आमच्या झांडेकेर्के गावाने एका दुपारीत ठरवून टाकलं की म्हातारी उपाशी मरतेय.

बातमीसोबत फोटो होता. चाकांची पिशवी ओढत, समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे डोळे बारीक करून चाललेली आत्या. वर मथळा: 'पोटासाठी विकणार इंद्रधनुष्य'. फोटो काढणाऱ्याने तिला थांबवून एक शब्दही विचारला नव्हता. विचारलं असतं तर त्याला कळलं असतं की गालिच्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या बाईला निवृत्तिवेतन असतं, घर तिचं स्वतःचं आहे आणि पिशवीत त्या दिवशी चांगला जाडजूड मासा होता.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या दाराशी सूपचे डबे येऊ लागले. लीकच्या पातीचं सूप, टोमॅटोचं सूप, खिम्याचे गोळे घातलेलं सूप. ती ते सगळं मोरीत ओतायची आणि डबे धुऊन रस्त्याच्या कडेला मांडून ठेवायची. मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. मग एका शनिवारी मी तिला घेऊन बेकरीत गेले, तर गल्ल्याशेजारी एक मोठी बरणी. तिच्यावर कागद चिकटवलेला, कागदावर कुणीतरी सायकल काढलेली आणि खाली 'आपल्या लीव्हसाठी'.

दुकानात रांग होती. आत्या रांग सोडून सरळ पुढे गेली.

"नेली, ही बरणी कुणाची?"

बेकरीवाली नेली लाजल्यासारखी हसली. "तुझीच गं. सगळ्यांनी खुशीने टाकलेत. संकोच करू नकोस."

"संकोच कोण करतंय? मी विचारतेय, मी भिकेला लागले असं तुला कुणी सांगितलं?"

"अगं, पेपरात आलंय..."

"पेपरात उद्याचं हवामानही येतं. कधी खरं निघालंय?"

आणि तिने बरणी उचलून गल्ल्यावर उलटी केली. नाणी घरंगळत जमिनीवर गेली, काही पावांच्या टोपल्यांत पडली. "घ्या!" ती रांगेकडे वळून म्हणाली. "ज्याचे त्याने उचला. काय रे एमे, तू टाकले होतेस?"

म्हातारा एमे टोपी चाचपत म्हणाला, "थोडेसेच. चांगल्या मनाने टाकले गं."

"मग उचल तुझे थोडेसे. मी शर्यतीत असताना तू रस्त्याच्या कडेला उभा राहून काय ओरडायचास, तेही चांगल्या मनानेच का? 'घरी जा, बटाटे करपले!' आठवतंय? की मी ओरडून दाखवू?"

एमे वाकला नाही, पण मान मात्र खाली गेली. आम्ही पाव न घेताच बाहेर पडलो.

खरी गोष्ट सुरू झाली होती ती त्याआधी, फेब्रुवारीत. लिननची जुनी गिरणी नगरपालिकेने विकत घेतली होती आणि तिथे सायकलचं संग्रहालय उभं राहणार होतं. नगरपालिकेत संस्कृती खातं बघणाऱ्या डेपूर्टरबाई ट्यूलिपची फुलं आणि भाताचा गोड टार्ट घेऊन आत्याकडे आल्या. मी तिथेच होते. आत्याच्या कंबरेचं हाड झिजलंय, त्यामुळे मंगळवारी तिची कपाटं, पडदे, जे काही उंचावरचं असेल ते मी करते.

डेपूर्टरबाईंनी टेबलावर नकाशा पसरला. तळमजला सगळा मॉरित्सचा. मॉरित्स म्हणजे आमच्या गावचा हिरो. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत त्याने एकदा एक टप्पा जिंकला, त्यावर त्याचा चौकात पुतळा झाला, त्याच्या नावाची बिअर निघाली, आणि मेला तेव्हा शाळेला सुट्टी मिळाली.

"आणि तुम्ही इथे," बाईंनी वरच्या मजल्यावर बोट ठेवलं. जिन्याच्या वळणावर. "या भागाचं नाव आहे 'बायका आणि सायकल'. एका सुईणीची सायकल मिळालीय, मठातल्या एका ननची मिळालीय, आणि मधोमध तुमची जर्सी. फार गोड दिसेल."

आत्याने चष्मा लावून नकाशा नीट पाहिला. "ही नन कुठे जिंकली होती?"

बाई हसल्या. आत्या हसली नाही.

"मॉरित्सच्या पोरानेही सामान असंच दिलं का? टार्टवर?"

बाईंनी फुलं एका बाजूची दुसऱ्या बाजूला केली. "त्यांचा संग्रह मोठा आहे ना. त्यांच्याशी जरा वेगळा करार झाला."

"म्हणजे विकत घेतलात."

"तसंच म्हणा. पण तुमचं वेगळं आहे हो, लीव्ह. तुमचं गावावर प्रेम आहे."

आत्याने टार्टच्या खोक्याचं झाकण बंद केलं, दोरी पुन्हा बांधली, गाठ मारली आणि खोकं बाईंच्या हातात दिलं. "गावाला माझा नमस्कार सांगा," एवढंच म्हणाली. बाई गेल्यावर तिने दाराला कडी लावली. मग मला म्हणाली, "गेंटला कुणी लिलाववाले असतात, त्यांचा फोन शोधून दे."

तिचा तो भूतकाळ मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलेला. आत्या आणि माझे बाबा, फर्मिन, दोघं भावंडं. आत्या तीन वर्षांनी मोठी. ती चौदाव्या वर्षी गालिच्यांच्या कारखान्यात लागली आणि शेजाऱ्याच्या टाकून दिलेल्या पुरुषांच्या सायकलवर शर्यतीत उतरू लागली. पुरुषांना शर्यतीनंतर शाळेत गरम पाणी मिळायचं. बायकांनी कुणाच्या तरी गोठ्यातल्या हौदावर चिखल धुवायचा, आणि आजूबाजूला पोरं दात काढत उभी असायची. जिंकल्यावर पुरुषांना पैशांचं पाकीट आणि आत्याला टॉवेलांचा जोड. एकदा तर डुकराच्या मांडीचा अख्खा हॅम मिळाला, तो तिने सायकलच्या दांडीला बांधून घरी आणला. पाद्रीबुवांनी प्रवचनात नाव न घेता 'पाय उघडे टाकून फिरणाऱ्या मुलीं'चा विषय काढला, आणि अख्खं चर्च वळून आमच्या बाकाकडे बघत राहिलं.

बाविसाव्या वर्षी तिने जग जिंकलं. दूरच्या डोंगरातल्या कुठल्याशा गावात, शेवटच्या चढावर सगळ्यांना मागे टाकून. ती घरी आली त्या दिवशी आमच्याकडे जत्रा होती. बँड वाजत होता, पण तो जत्रेतली शर्यत जिंकलेल्या मॉरित्ससाठी. आत्या ट्रामच्या थांब्यावरून बॅग उचलून चालत घरी आली. दार उघडून आजी म्हणाली, "आलीस? जेवण झाकून ठेवलंय."

लिलाववाला मार्चमध्ये आला. सडपातळ, नम्र माणूस. पांढरे हातमोजे घालून त्याने जर्सी टेबलावर पसरली. पांढरी लोकर, छातीवर विश्वविजेत्याचं इंद्रधनुष्य: निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा पट्टा. मी ती तेव्हा प्रथमच इतक्या जवळून पाहिली. इतकी लहान होती! आत्याचा देह एकेकाळी त्यात मावत होता हे खरं वाटेना.

"इथे कोपरावर रफू आहे," तो म्हणाला. "निळ्या दोऱ्याने. शर्यतीत पडला होतात का? तसं असेल तर माहितीपत्रकात लिहू. लोकांना आवडतं."

"मी नाही पडले," आत्या म्हणाली.

"मग?"

"रफू आहे एवढंच लिहा."

त्याने तेवढंच लिहिलं. आणि मग ती पेपरातली बातमी, ते सूप, ती बरणी.

बरणीची हकिगत गावभर झाल्यावर बाबा आले. मी आत्याच्या खिडकीचे पडदे काढत होते. त्यांनी घंटा वाजवली नाही, दार ढकलून सरळ आत आले.

"हे काय चालवलंयस? लोक मला अडवून विचारतायत, बहिणीला सांभाळता येत नाही का म्हणून!"

"सांग ना त्यांना, नाही येत. आजवर कधी आलंय?"

"लीव्ह, जीभ आवर. तुला काही लागत असेल तर माझ्याकडे माग. भाऊ मेला नाही तुझा अजून."

"मला काही लागत नाही. ऐकू येत नाही का? सगळ्या गावाला एकच कसं सुचतं? बाई काही विकतेय म्हणजे बाई भुकेली! मला विकायची आहे म्हणून मी विकतेय."

"पण का? ती काय तुझ्या एकटीची आहे? आईने कपाटात डांबराच्या गोळ्या घालून जपली ती. आपल्या घराची आहे ती जर्सी."

पडदा माझ्या हातातून सुटला. आत्या खुर्चीतून उठली. कंबरेमुळे तिला उठायला वेळ लागतो, पण त्या दिवशी ती ताडकन उठली.

"घराची? बरं. मग घराने मला सांगावं, माझा पगार कुठे जायचा? दर शनिवारी मी बाबांच्या हातात पाकीट द्यायचे आणि त्यातून तुझी सायकल आली. इटलीची! नवी कोरी! मी जग जिंकून आले आणि बाबा म्हणाले, घरात एकच शर्यतीचा गडी परवडेल. तो गडी तू. तू काय जिंकलास फर्मिन? एक तरी टॉवेल आणलास का?"

"लीव्ह..."

"पुढच्या वर्षी मला त्या जर्सीत शर्यतीत उतरायचं होतं. हक्क होता माझा. वर्षभर जगभर मिरवायची असते ती. मी ती एकदा घातली. एकदाच! बक्षीस घेताना. पुढचं वर्ष मी मशीनवर उभी होते, रात्रपाळीला. आणि हिवाळ्यात माझी जर्सी कोण घालत होतं?"

बाबांच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"सांग ना पोरीसमोर. आधी स्वेटरच्या आत, ऊब लागते म्हणून. मग पुढचं गाव ओलांडलं की स्वेटर काढून. अनोळखी लोकांनी बघावं, विश्वविजेता चाललाय म्हणून! दगडी रस्त्यावर आपटलास, कोपर फाडलंस आणि आईने गुपचूप रफू केलं. पांढरा दोरा घरात नव्हता म्हणे. तुला काय वाटलं, मला दिसलं नाही?"

"एकोणीस वर्षांचा होतो मी," बाबा म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता.

"आणि मी बावीसची. माझ्यापेक्षा तू ती जास्त दिवस घातलीस, फर्मिन. आणि आता येऊन म्हणतोस, घराची."

बाबा निघून गेले. कोट खुर्चीवर तसाच राहिला. मी तो हातात घेऊन दारापर्यंत धावले, पण ते वळून बघेनात.

खरं सांगते, त्या दिवशी मला बाबांचा इतका संताप आला की पुढे कित्येक दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. लहानपणापासून मी एकच ऐकत आले होते: बाबा चांगले सायकलपटू होते, नशिबाने साथ दिली नाही. नशीब! ज्याला बहिणीच्या पगारातून सायकल मिळते, त्याचं नशीब आणखी काय करणार?

लिलाव गेंटला होता, जुन्या नाट्यगृहाच्या दालनात. आत्याने निळा कोट घातला होता आणि केस सेट करून घेतले होते. पहिल्या रांगेत, हातात बोलीची पाटी घेऊन, डेपूर्टरबाई. आमच्याकडे बघून त्यांनी मान झुकवली. आत्याने खिडकीकडे पाहिलं.

आधी कुणाकुणाचे बूट गेले, हातमोजे गेले, एका फुटबॉलवाल्याची पदकं गेली. त्याची बायको कोपऱ्यात बसून बोटातली अंगठी फिरवत होती. मग जर्सी आली. काठीवर अडकवून, दोन हात पसरलेली.

सुरुवातीला पाचसहा जण होते. थोड्याच वेळात तिघं उरले: डेपूर्टरबाई, रूसेलारचा एक लठ्ठ टाइलवाला आणि फोनवरचा कुणी. फोन घेतलेली मुलगी रिसीव्हरवर हात ठेवून कुजबुजायची आणि मग बोट वर करायची. आकडा वाढला तशा डेपूर्टरबाई शेजारच्या माणसाकडे बघू लागल्या. त्याने मान हलवली, आणि बाईंनी पाटी मांडीवर पालथी ठेवली.

टाइलवाला आणि फोन. टाइलवाला पटकन बोली द्यायचा, फोनवरचा प्रत्येक वेळी जास्त वेळ घ्यायचा. शेवटी ती मुलगी बराच वेळ कान देऊन उभी राहिली. सगळं दालन तिच्याकडे बघत होतं. मग तिने मान हलवली आणि रिसीव्हर ठेवला. हातोडी पडली.

टाइलवाला घामाघूम होऊन आत्याशी हात मिळवायला आला. "माझ्या दुकानात लावणार, बाई. मोठं शोरूम आहे. आंघोळीच्या टबांच्या बरोब्बर वर जागा आहे, काचेची पेटी करतो."

"टबांच्या वर? लावा," आत्या म्हणाली. "शर्यतीनंतर मला कधी आंघोळ मिळाली नाही. जर्सीला तरी मिळू दे."

त्याला ते कळलं नाही, पण तो मनापासून हसला आणि फोटो काढून घेतला.

दाराशी डेपूर्टरबाईंनी गाठलंच. "गावाबाहेर गेली शेवटी. वाईट नाही का वाटत तुम्हाला? आम्ही विचार करून तुम्हाला खालच्या मजल्यावरही जागा दिली असती."

"कधी?" आत्याने विचारलं. "फेब्रुवारीत मी जिन्याच्या वळणावर होते, ननच्या शेजारी. मग लिलाववाल्याने माहितीपत्रक छापलं आणि तुम्ही पाटी घेऊन पहिल्या रांगेत आलात. तीच जर्सी, बाई. तीच मी. पन्नास वर्षं कपाटात होती, तुमच्यापैकी एकानेही बघायला मागितली नाही. फुकट मिळेल असं वाटलं तेव्हा टार्ट घेऊन आलात. दुसऱ्याची होणार म्हटल्यावर आता तुम्हाला दुःख!"

"तुम्ही फार कडवट बोलता."

"हो. आणि गोड बोलत होते तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं."

परतताना गाडीत मी विचारलं, हलकं वाटतंय का? "नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं वाटेल. नुसता जास्तच राग येतोय." वाटेत टपरीवर थांबून आम्ही फ्राइज घेतले. तिने एकही खाल्ला नाही, पुडा तसाच मांडीवर धरून बसली.

तिला घरी सोडून मी आईबाबांकडे गेले. बाबा माझ्याशी काय बोलतात ते बघायचंच होतं मला. किती आकड्याला गेली ते त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. बाबा टेबलाशी बसले होते, समोर थंडगार कॉफी.

"गेली जर्सी," मी म्हणाले.

"माहीत आहे. टाइलवाल्याने घेतली."

"तुम्हाला कुणी सांगितलं? आत्ता तासाभरापूर्वी..."

आई गॅसजवळ होती. तिने हातातला झारा आपटला. "सांगायचं कुणी? फोनवर हाच होता! फिरायला कॅम्पर गाडी घ्यायला आपण पैसे साठवले होते, ते सगळे लावायला निघाला होता. माझ्याशी भांडून. शेवटी मीच हात धरला याचा. घर विकणार होतास का रे?"

मी बाबांकडे बघत राहिले. "कशाला हवी होती तुम्हाला?"

"परत द्यायला," ते म्हणाले. मग कप बाजूला सारून म्हणाले, "तिला सांगू नकोस."

"का?"

"हसेल ती."

मी लगेच गाडी आत्याकडे वळवली. आत्या कोट न काढताच बसली होती, फ्राइज तसेच समोर. मी दारातूनच सांगितलं, एका दमात.

ती हसली नाही. आधी तिला कळलंच नाही. मग तिचा चेहरा असा काही झाला की मी मागे सरकले.

"विकत घेणार होता? माझ्याकडून? माझीच जर्सी, लिलावात, फोनवर लपून, परक्या माणसासारखा?" तिने टेबलावर थाप मारली. "एवढी वर्षं आम्ही ख्रिसमसला एका टेबलावर जेवतोय! आईच्या अंत्ययात्रेत शेजारी शेजारी चाललो! एक शब्द. एकच! 'लीव्ह, माझं चुकलं.' मी त्याला फुकट दिली असती, गाढवाला. दे तो फोन."

मी नंबर लावून दिला. पलीकडे कुणी उचलल्याचं मला कळलं ते आत्याच्या ओरडण्यावरून.

"फर्मिन? मूर्ख आहेस का? ... नाही, तू ऐक! आता मी बोलणार!"

ती बोलली. सायकलबद्दल, पाकिटांबद्दल, रात्रपाळीबद्दल, आजोबांबद्दल, निळ्या दोऱ्याबद्दल. मी कधी न ऐकलेलं खूप काही. तिचा आवाज चिरकत होता, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांनी टीव्ही बंद केला. मधूनमधून ती श्वास घ्यायला थांबायची, तेव्हा मला वाटायचं, ठेवला असेल त्यांनी. पण तिने फोन कानापासून हलवला नाही.

मी कोट अंगातून काढायला तिला मदत केली, एक बाही, मग फोन दुसऱ्या कानाला, मग दुसरी बाही. एकदा तिने रिसीव्हरवर तळहात ठेवला.

"रडतोय," ती वैतागून मला म्हणाली.

आणि पुन्हा फोनमध्ये ओरडली, "रडू नकोस, बोल!"